एकाच आईची दोन पिल्लं एकत्र घ्यायची का?

"दोघं द्या ना, एकमेकांना सोबत होईल." कुत्र्याची पिल्लं दत्तक द्यायची वेळ आली की हे वाक्य ठरलेलं. दिवाळीच्या आसपास सुरू होतं ते थेट जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत मुंबईत गल्लोगल्ली पिल्लं दिसतात, पार्क केलेल्या गाडीखाली, बंद दुकानाच्या फळीखाली, सोसायटीच्या मीटर रूमच्या मागे, मग कोणीतरी ग्रुपवर फोटो टाकतं, एखादं कुटुंब बघायला येतं, एकाला उचललं की दुसरं कुईकुई करत मागे येतं आणि घरातलं लहान मूल म्हणतं हे पण घेऊया. आईबाबांनाही पटतं कारण दोघंही ऑफिसला जाणारे, एकटं पिल्लू दिवसभर घरी काय करेल. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो, उलट माया असते म्हणूनच लोक असं म्हणतात. मी आमच्या भागातल्या पिल्लांना घरं शोधून द्यायचं काम बरीच वर्षं करतेय, आणि तरी माझं उत्तर बहुतेक वेळा "नाही, एकच घ्या" असंच असतं. लोकांना वाईट वाटतं, काहींना रागही येतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

थोडक्यात सांगायचं तर अडचण भावंडं असण्याची नाहीये. अडचण अशी की दोन अगदी लहान पिल्लं एकाच वेळी एकाच घरात आली की त्यांना चोवीस तास एकमेकं मिळतात आणि आपण मिळतो उरलेल्या वेळात. पिल्लाला माणसांच्या घरात कसं राहायचं हे माणसांकडून शिकायचं असतं, शी-शू कुठे करायची, हाताला दात लावायचे नाहीत, हाक मारली की यायचं, घरी कोणी नसलं तरी घाबरायचं नाही. पण शेजारी आपलीच भाषा बोलणारा, आपल्याच वयाचा, कायम खेळायला तयार असा भाऊ बसलेला असेल तर ते आपल्याकडे कशाला बघेल? आपण वाटी भरणारे आणि दार उघडणारे एवढेच उरतो.

ट्रेनर लोक याला लिटरमेट सिंड्रोम म्हणतात. नेटवर हा शब्द वाचून काही जण फार घाबरतात. हा काही आजार नाही, डॉक्टर रक्त तपासून सांगू शकत नाहीत, दोन पिल्लं एकत्र वाढवताना जे त्रास परत परत दिसतात त्यांना मिळून दिलेलं ते एक नाव आहे. प्रत्येक जोडीत होतंच असंही नाही, छान वाढलेल्या जोड्या मीही बघितल्यात. आणि रक्ताच्या नात्याशी याचा तसा संबंध नाही, दोन वेगळ्या आयांची पण एकाच वयाची पिल्लं एका महिन्यात आणली तरी हेच होऊ शकतं. त्यामुळे "मग एक इंडी, म्हणजे देशी, घेतो आणि एक लॅब्रॅडोर घेतो" हा उपाय नाही. भावंडांच्या बाबतीत फक्त एवढंच की त्यांची गट्टी आधीच जमलेली असते, साइज सारखी, ताकद सारखी, आणि ती घरी येतात तेव्हा एकमेकांशिवाय राहायची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नसते.

आता हे सगळं त्याच वयात का महत्त्वाचं, ते बघू. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झालं की त्याचे डोळे-कान नीट काम करायला लागतात, आणि तिथपासून बारा ते चौदा आठवड्यांपर्यंतचा जो काळ असतो त्यात त्याचा मेंदू जगाची ओळख करून घेत असतो. या काळात जे जे चांगल्या पद्धतीने भेटलं ते "आपलं", आणि जे भेटलंच नाही ते पुढे "भीतीचं". अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर इथल्या जॅक्सन लॅबोरेटरीत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वागण्यावर बरीच वर्षं काम केलं, त्यांचं पुस्तक 1965 साली आलं, आणि या काळाबद्दल आज ट्रेनर जे बोलतात त्याचा पाया बराचसा तिथला आहे. त्याच लॅबमधला एक प्रयोग 1961 मध्ये सायन्स या मासिकात आला होता. पिल्लांना आई आणि भावंडांसोबत उंच कुंपणाच्या मैदानात ठेवलं, खायला-प्यायला सगळं वेळच्या वेळी, फक्त माणसांचा सहवास नाही. काही पिल्लांना वेगवेगळ्या वयात आठवडाभर आत आणून माणसांसोबत खेळवलं आणि काहींना चौदा आठवड्यांपर्यंत आणलंच नाही. जी शेवटपर्यंत बाहेर राहिली ती माणसाला बघून जंगली जनावरासारखी पळायची, त्यानंतर कितीही लाड केले तरी फारसा फरक पडला नाही. म्हणजे आई होती, भावंडं होती, पोट भरलेलं होतं, तरी माणसाशी नातं आपोआप जुळलं नाही.

घरातल्या जोडीची अवस्था इतकी टोकाची होत नाही, हे उघड आहे, माणसं समोरच असतात. पण एकमेकांना चिकटून आठवडे जातात ना, त्यातला किती वेळ पिल्लू एकटं आपल्यासोबत होतं हे मोजलं तर बऱ्याच घरांत तो दिवसाला अर्धा तासही भरत नाही.

इथे एक गोष्ट उलटीही आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आठ आठवड्यांपर्यंत भावंडं एकत्रच हवीत. जोरात चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ थांबवतो, त्यातून पिल्लाला दात किती लावायचे ते कळतं, हे शिक्षण आई आणि भावंडंच देतात, आपण कितीही "नो नो" केलं तरी तसं जमत नाही. कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीबद्दल 2017 मध्ये जे केंद्राचे नियम आले त्यातही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. रस्त्यावरच्या पिल्लांचं मात्र तसं चालत नाही, आई गाडीखाली आली, कोणी हाकलून दिलं, बिल्डिंगचं काम निघालं, की पाच आठवड्यांची पिल्लं उघड्यावर येतात. अशा वेळी एकेक पिल्लू पाच घरी वाटून टाकण्यापेक्षा आठवा आठवडा पूर्ण होईपर्यंत सगळ्यांना एकाच ठिकाणी फोस्टरला, म्हणजे तात्पुरतं कोणाच्या घरी, ठेवणं चांगलं. नंतर वेगळी घरं. हा क्रम आहे, आधी एकत्र आणि मग वेगळं, आणि लोक नेमकं उलट करतात, खूप लवकर आईपासून तोडतात आणि मग "बिचारं एकटं पडेल" म्हणून दोघं उचलतात.

चेंबूरला ओळखीच्या एका घरात चिकू आणि बिस्किट असे दोन भाऊ आहेत. चिकू धीट, बिस्किट मागे मागे राहणारा. मी गेले तेव्हा दोघं सात-आठ महिन्यांचे असतील. बेल वाजली, चिकू दारात आला, वास घेतला, शेपटी हलवली. बिस्किट आतल्या खोलीच्या दारात उभा होता. चिकू वळून त्याच्याजवळ गेला तेव्हा बिस्किटने हनुवटी त्याच्या पाठीवर टेकवली आणि तशीच टेकवून, चिकूच्या चालीने चालत, उंबरा ओलांडून हॉलमध्ये आला. बघायला इतकं गोड वाटतं, घरातल्यांनी व्हिडिओही काढलेले होते. थोड्या वेळाने काका चिकूला घेऊन खाली गेले आणि बिस्किट हॉलच्या मधोमध जागच्या जागी थांबला, कान मागे, तोंड उघडं, लाळ गळायला लागली, मी ट्रीट टाकली ती त्याच्या पायाशी पडली तरी त्याने खाली बघितलं नाही. मग सेफ्टी डोअर खरवडायला सुरुवात. दाराच्या खालच्या पट्टीचा रंग पार निघालेला होता, म्हणजे हे रोजचंच. काकू म्हणाल्या, किती प्रेम आहे बघा दोघांचं. मला ते बघून रडायला येत होतं, कारण त्यात प्रेमापेक्षा घाबरणं जास्त होतं. बिस्किटला जगात एकटं उभं राहता येत नव्हतं, आणि उद्या चिकूला दोन दिवस दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर बिस्किटने काय करायचं?

जोडीत असं एक धीट आणि एक दबलेलं फार वेळा दिसतं. धीट असलेला प्रत्येक गोष्टीत पुढे होतो, पाहुणा आला, नवा आवाज आला, मांजर दिसली, आणि दुसऱ्याला स्वतः काही समजून घ्यायची गरजच पडत नाही. आपल्याला वाटतं याचा स्वभावच लाजरा. तेच पिल्लू एकटं एखाद्या घरी गेलं असतं तर कदाचित दोन महिन्यांत मोकळं झालं असतं. आणि गंमत बघा, धीट वाटणाऱ्यालाही एकटं बाहेर काढलं की त्याचाही अर्धा धीटपणा गळून पडतो, कारण त्याचीही हिंमत मागे कोणीतरी आहे यावर असते.

अजून एक गैरसमज. दोन कुत्रे असले की ते "सोशल" होतात, असं लोकांना वाटतं. नाही होत. त्यांना एक कुत्रा कळतो, एकच. मुंबईत खाली उतरलं की गेटवर सोसायटीचे कुत्रे, नाक्यावर दुसरी गँग, मैदानात तिसरी, प्रत्येकाची आपली हद्द, आणि या सगळ्यांना वास द्यायचा-घ्यायचा, नजर कधी चुकवायची, बाजूने कसं जायचं ही रीत शिकावी लागते. दोघं कायम एकत्र फिरलेले असले की समोर कुत्रा दिसताच एक भुंकतो, त्याचं बघून दुसरा सुरू होतो, मग दोन पट्टे एकमेकांत गुंततात आणि आपण मधे. वॉचमन ओरडतो, लिफ्टमधले लोक मागे सरकतात. 2015 मध्ये ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने गाइडलाइन्स काढल्यात, त्यानुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, हा हक्क आहेच, पण हातात न आवरणारे दोन कुत्रे घेऊन रोज तो हक्क बजावणं किती थकवणारं असतं हे ज्याने केलंय त्याला विचारा.

आता भांडणं. याबद्दल कोणी आधी सांगत नाही कारण पहिलं वर्ष छान जातं. कुत्रा अंगाने वर्षभरात मोठा होतो पण मनाने मोठा व्हायला दीड ते तीन वर्षं लागतात आणि खरी खटकाखटकी तेव्हा सुरू होते. दोघं एकाच वयाचे, एकाच ताकदीचे, माघार कोणी घ्यायची हे ठरत नाही. एकाच घरातल्या कुत्र्यांच्या भांडणांवर जो अभ्यास झालाय त्यात एकाच लिंगाच्या जोड्या जास्त आढळल्यात, आणि माद्या असलेल्या जोड्यांचं प्रमाण मोठं आहे, म्हणजे "दोघी बहिणी आहेत, शांत राहतील" हा जो सर्रास समज आहे तो चुकीचाच. कारणं अगदी क्षुल्लक वाटतात आपल्याला, सोफ्यावरची जागा, पोळीचा तुकडा, मालक घरी आल्यावर आधी कोणाच्या डोक्यावर हात ठेवला. आणि जागा! आपल्या वनबीएचकेत हॉलमधून किचनकडे जाणारा तो जो अरुंद पॅसेज असतो, तिथे दोघं समोरासमोर आले की कोणालाच वळून बाजूला होता येत नाही. बंगल्यात जे गुरगुरण्यावर भागतं ते फ्लॅटमध्ये दातांवर जातं. कुरियरवाल्याने बेल वाजवली, दोघं एकदम दाराकडे धावले, दारात अडकले, आणि बाहेरच्यावरचा राग एकमेकांवर निघाला, हा प्रकार तर मी फारच वेळा ऐकलाय.

भाऊ-बहीण घेतले तर ही भांडणं कमी होतात, पण मग नसबंदी. मादी साधारण सहा महिने ते वर्षभरात पहिल्यांदा हीटवर (माजावर) येते आणि कुत्र्यांना बहीण-भाऊ हे नातं कळत नाही, अजून लहानच आहेत म्हणता म्हणता मेटिंग होऊन जातं आणि साधारण त्रेसष्ट दिवसांत घरात नवी पिल्लं. डॉक्टरांशी पाचव्या महिन्यातच बोलून ठेवायचं, कोणाचं ऑपरेशन कधी ते ठरवायचं. यात उशीर नको.

वेळेचं गणित लोक असं करतात की एकाला जेवढं तेवढंच दोघांना, एकच फेरी, एकच जेवण, दोघं बरोबर. खरं गणित वेगळंय. एका पिल्लाचं काम, दुसऱ्या पिल्लाचं काम, आणि दोघांना एकत्र असताना शांत राहायला शिकवायचं तिसरं काम. दोन महिन्यांचं पिल्लू जागं असताना फार तर दोन-तीन तास शू धरू शकतं, झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच न्यावं लागतं, दिवसातून तीन-चार वेळा खाणं असतं. हे दोघांचं वेगवेगळ्या वेळी येतं. कोपऱ्यात शू दिसली तर कोणी केली तेही कळत नाही. लसी दोघांच्या, जंताचं औषध दोघांचं, गोचीड झाले की दोघांना, महापालिकेचं लायसन्स दोघांचं. एकाला पोटाचा संसर्ग झाला तर दुसऱ्यालाही होतोच, आणि पार्व्होसारखा जीवघेणा आजार असेल तर एकाच आठवड्यात दोन पिल्लं सलाइनवर. आणि दहा-बारा वर्षांनी दोघं एकदम म्हातारे होतात, ते आज सुचत नाही पण होतात.

बरं मग एकटं पिल्लू दिवसभर घरी, त्याचं काय? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला "दुसरं आणा" हे उत्तर नाही, कारण दोन पिल्लं दिवसभर घरी माणसांशिवाय राहिली तर ती एकमेकांना सांभाळत नाहीत, एकमेकांना चेव आणतात, चपला, सोफा, चार्जरच्या वायरी. घरात सकाळी नऊ ते संध्याकाळी सात कोणीच नसेल तर दोन महिन्यांचं पिल्लू एकही घेऊ नये असं मी स्पष्ट सांगते. आजी-आजोबा घरी आहेत, शेजारच्या मावशी दुपारी दोनदा डोकावू शकतात, घरून काम आहे, पहिले दोन-तीन महिने रजा आळीपाळीने घेता येतेय, तर एक पिल्लू छान वाढतं. नाहीतर दीड-दोन वर्षांचा शांत इंडी घ्या. त्याला शी-शूचं भान असतं, तो दुपारभर झोपतो, आणि असे कितीतरी कुत्रे मुंबईतल्या शेल्टरमध्ये घराची वाट बघतायत, पिल्लांच्या फोटोंपुढे त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता ज्यांच्याकडे ऑलरेडी दोघं आहेत त्यांनी हे वाचून हात-पाय गाळू नका. करता येतं. जुळ्या मुलांना शाळेत वेगवेगळ्या तुकडीत घालतात ना, ती तुटू नयेत पण प्रत्येकाला आपली ओळख मिळावी म्हणून, तसंच काहीसं करायचंय. दिवसाचा काही भाग एकत्र, काही भाग वेगळा, आणि वेगळा भाग रोज, न चुकता.

छोट्या घरात कसं? बेडरूमच्या दाराला बेबी गेट लावा, नाही परवडलं तर प्लायचा तुकडा आडवा लावला तरी चालतो, पण पिल्लू उडी मारणार नाही इतका उंच. झोप वेगळी, एक हॉलमध्ये एक आत, सुरुवातीला एकमेकांचा वास येईल इतकं जवळ आणि मग रोज थोडं थोडं लांब. जेवण वेगळ्या जागी, एकाची वाटी किचनमध्ये, दुसऱ्याची बाल्कनीत, आणि खाऊन झाल्यावर वाट्या उचलून मगच दार उघडायचं. ट्रेनिंग एकाएकाचं, पाच मिनिटं पुरतात, एकजण पॅसेजमध्ये "बस", "थांब", "ये" शिकतोय तेव्हा दुसरा आत काहीतरी चघळत बसलेला, मग अदलाबदल. नावं ऐकायला वेगळी ठेवा, सोनू-मोनू ठेवलं की दोघांनाही कळत नाही हाक कोणाला मारली, आणि हाक मारताना एका वेळी एकच नाव. दोघांना एकदम "चला रे" म्हणायची सवय लागली की त्यांना स्वतःचं नाव कधी शिकायलाच मिळत नाही.

वेगळं राहायची सवय मात्र सेकंदांपासून लावायची. एकाला दाराबाहेर न्या आणि तो रडायच्या आत परत आणा. मग अर्धा मिनिट, मग जिन्याच्या एका मजल्यापर्यंत, मग खालपर्यंत. मागे राहिलेल्याकडे त्याच वेळी घरातलं कोणीतरी असलं पाहिजे, काहीतरी छान खायला घेऊन, म्हणजे भाऊ गेला की आपल्याला मजा असते असं त्याच्या डोक्यात बसतं. एकदम दोन तास वेगळं करून "रडून रडून गप्प बसेल" हा प्रयोग करू नका, त्याने भीती वाढते आणि शेजाऱ्यांची तक्रारही येते.

बाहेरची ओळखही एकेकट्याची. लसी पूर्ण व्हायला पिल्लू सोळा आठवड्यांचं होतं, पहिली सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आणि पुढे तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास, आणि तोपर्यंत तो महत्त्वाचा काळ निघून गेलेला असतो. म्हणून घरात कोंडून ठेवायचं नाही आणि खाली जमिनीवरही सोडायचं नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. कडेवर घेऊन न्यायचं. एके दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मांडीत घेऊन अर्धा तास बसा, क्रिकेटचा आरडाओरडा, भेळवाला, छत्र्या, सायकली, सगळं बघू दे. स्टेशनच्या जवळ थोडं लांब उभं राहून लोकलचा आवाज ऐकवा. रिक्षात बसवा. घाबरलं तर अजून लांब जा, जबरदस्ती नको. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात पाय घालू देऊ नका, उंदरांच्या लघवीतून लेप्टो हा आजार होतो, कुत्र्यालाही आणि आपल्यालाही, त्याची लस डॉक्टरांना विचारून घ्या. परळच्या बैलघोड्याच्या, म्हणजे प्राण्यांच्या, हॉस्पिटलमध्ये न्या नाहीतर जवळच्या क्लिनिकमध्ये, पण शक्यतो दोघांना वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे इंजेक्शनच्या टेबलावरही त्याला आपला आधार घ्यायची सवय लागते.

आपली जोडी कुठे आहे हे कळायला एक सोपी गोष्ट करून बघा. एकाला घरातल्या कोणासोबत खाली पाठवा आणि दुसऱ्यासमोर त्याचं आवडतं खाणं धरा. खाल्लं, थोडं इकडेतिकडे बघितलं आणि तुमच्याजवळ येऊन बसला तर उत्तम. खाणं तोंडात घेतच नाही, धापा टाकतोय, दार सोडत नाही, तर आजपासून वरचं सगळं सुरू करा आणि महिनाभरात फरक दिसला नाही तर कुत्र्यांच्या वागण्यावर काम करणाऱ्या डॉक्टरांना किंवा ट्रेनरला घरी बोलवा. मारणारा, साखळीला झटके देणारा ट्रेनर मात्र नको, भीतीवर भीती चढवून काही मिळत नाही.

भांडण जुंपलंच तर मधे हात घालू नका, कॉलर धरायला तर अजिबात जाऊ नका, कुत्र्याला त्या क्षणी कोणाचा हात आहे ते कळत नाही. मधे सोफ्याची मोठी उशी सरकवा, जाड चादर टाका, बादलीभर पाणी ओता, मग वेगळ्या खोल्यांत बंद करा आणि त्या दिवशी परत समोर आणू नका. आपल्याला दात लागले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखान्यात, घरचाच कुत्रा आहे म्हणून चालढकल करायची नाही.

दोन कुत्रे पाळायचेच असतील तर? जरूर पाळा, मला स्वतःला दोन कुत्र्यांचं घर फार आवडतं. पहिला दीड-दोन वर्षांचा होऊ द्या, हाकेला येतोय, एकटा राहतोय, पट्ट्यावर नीट चालतोय, नसबंदी झालीय, मग दुसरा आणा, शक्यतो उलट लिंगाचा. दुसऱ्याला निम्मं शिक्षण पहिलाच देतो, आणि पहिल्याचं तुमच्याशी नातं पक्कं झालेलं असल्यामुळे ते मोडत नाही. आणि मोठ्या वयाची, वर्षानुवर्षं एकत्र राहिलेली जोडी शेल्टरमध्ये असेल, मालक वारले किंवा परदेशी गेले म्हणून आलेली, तर तिला एकत्रच घ्या. त्यांचा वाढीचा काळ होऊन गेलाय, तिथे वेगळं करणं हाच अन्याय आहे.

काही वेळा सगळं करूनही जमत नाही, रोजची रक्तबंबाळ भांडणं, एक कायम पलंगाखाली. तेव्हा एकाला दुसरं घर बघणं यात काही पाप नाही, फक्त ते लवकर करा, पाच-सहा महिन्यांच्या पिल्लाला घर मिळतं, चार वर्षांच्या घाबरट कुत्र्याला मिळणं फार कठीण जातं. नव्या लोकांपासून काही लपवू नका. मी तर सुरुवातीलाच भावंडं एकाच भागातल्या दोन घरी देता येतायत का ते बघते, एक दादरला तर दुसरं माटुंग्याला, म्हणजे लसी झाल्यावर रविवारी भेटवता येतं. भेटवताना मोकळी जागा निवडा, दोन पट्टे दोन माणसांच्या हातात, आधी थोडं अंतर ठेवून एकाच दिशेने चालवा आणि मगच जवळ येऊ द्या, आणि दोघं छान खेळत असतानाच आपापल्या घरी घेऊन जा.